मुक्यांचे बिऱ्हाड

मराठी फौजा गुजरातेत उतरल्या तेव्हा त्यांच्यात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा आणि वेतनही अधिक. परंतु लढाईत घोडा पडला आणि दुसरा विकत घेण्याची ऐपत नसली, तर त्याच शिलेदारावर बारगीर होण्याची वेळ येई. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले आणि या मंडळींनी येथे बिऱ्हाडे मांडली, ती अशी चतुष्पादांसह. आपण जुनी मराठी घराणी पूर्वजांची नावे सांगतो, सनदा दाखवतो, वाड्याला किती चौक होते याचा हिशेब देतो. पण त्या पूर्वजांना तापी-नर्मदा ओलांडून येथवर आणणाऱ्या घोड्याबैलांपैकी एकाचेही नाव आपल्या वंशावळीत आढळत नाही. हाथीखान्यात आज धान्याचा घाऊक बाजार भरतो. तेथे तुरीचा भाव विचारणाऱ्याला हत्तीची आठवण होत असेल असे वाटत नाही.

स्थलांतर म्हटले की आपण माणसांचा विचार करतो, फार तर सामानसुमानाचा. महसूल खात्यातील नोकरीत माझ्या पुष्कळ बदल्या झाल्या. बदली-भत्त्याच्या अर्जात कुटुंबातील व्यक्तींची नावे आणि वये लिहावी लागत, आणि घरसामानाचे वजन किलोमध्ये. आमच्याकडे तेव्हा मोती नावाचा कुत्रा होता. तो या दोन रकान्यांच्या मध्ये कोठेतरी पडे. १९८८ मध्ये गोध्र्याहून पालनपूरला जाण्याचा हुकूम आला. अहमदाबादेच्या पुढे त्या काळी मीटरगेज असल्याने तेथे गाडी बदलावी लागे. मोतीला गार्डाच्या डब्यातील लोखंडी पेटीत घातले आणि बाबूने पावती फाडून दिली. त्या पावतीवर तो नग होता. माझी पाच वर्षांची मुलगी मात्र आमच्या डब्यात बसायला तयार होईना. मोती जेथे बसेल तेथे मी बसणार, हा तिचा हट्ट. शेवटी प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून मी तिला गार्डाच्या डब्यापर्यंत नेऊन आणत असे. पेटीच्या जाळीतून ती बोट आत घाली, मोती ते चाटे, शिटी झाली की आम्ही धावत परत येत असू.

मोतीला पालनपूर एका दिवसात मानवले. आमची आजी म्हणे, कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला धरून. तिचे हे मत अनुभवाचे होते. आमच्या एका काकांनी दांडिया बाजारातला वाडा सोडून कारेलीबागेकडे नवे घर केले तेव्हा वाड्यातली मांजरी त्यांनी हौसेने बरोबर नेली. वाट दिसू नये म्हणून पोत्यात घालून नेली. तिसऱ्या दिवशी ती वाड्याच्या माजघरात चुलीशेजारी अंग चाटीत बसलेली आढळली. पुन्हा नेली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेस काकूंनीच हात टेकले. काकांना याचा राग आला होता असे मला आठवते. त्यांच्या घराची पसंती मांजरीने नाकारली, यात त्यांना काहीतरी अपमानास्पद वाटले असावे.

पेटीच्या जाळीत बोट घालणारी ती मुलगी आता मेलबर्नला असते. तिच्या घरी लाडू नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजरी, दोन्ही तेथल्या निराश्रित प्राण्यांच्या आश्रमातून आणलेली. नावे मराठी, कान मात्र इंग्रजीला सरावलेले. माझी नात लाडूशी इंग्रजीत बोलते आणि त्याला रागावायचे असले की मराठीत; त्यामुळे त्या बिचाऱ्याचा समज असा झाला असावा की मराठी ही रागावण्याची भाषा आहे.

परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांना घर बदलणे नवे नाही. भाड्याचे घर, करार संपला की दुसरे. मग नोकरीसाठी दुसरे उपनगर, मुलांच्या शाळेसाठी तिसरे. त्यात जनावर असले की प्रत्येक वेळी नवी परीक्षा. बडोद्यात भाड्याचे घर शोधताना 'तुम्ही काय खाता?' हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला आहे. तेथे 'तुमच्याबरोबर आणखी कोण खाते?' असे विचारतात, एवढाच फरक. मुलीच्या पहिल्या काही वर्षांत या एका कारणाने तिला चांगली घरे सोडावी लागली. व्हिक्टोरिया राज्यात २ मार्च २०२० पासून कायदा बदलला. भाडेकरूने ठराविक नमुन्यात लेखी संमती मागायची, आणि मालकाला ती सबळ कारणावाचून नाकारता येत नाही. नाकारायचीच असेल तर चौदा दिवसांच्या आत न्यायाधिकरणापुढे जाऊन परवानगी आणावी लागते. मी तो नमुना वाचून पाहिला. सरकारी कागद वाचण्यात आयुष्य गेले असल्याने त्यातील खाचाखोचा मला लगेच दिसतात. या कागदावर प्राण्याचे नाव लिहायला जागा होती. 'नग' नव्हता.

२०२३ च्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून महिन्यात, मुलीने स्वतःचे घर घेतले. शहराच्या पश्चिम टोकाला असलेल्या टार्नीटमधून पूर्वेच्या रोव्हिलला जायचे होते. मधले अंतर पन्नास किलोमीटरांहून अधिक. हातभार लावायला मी एकटाच गेलो होतो. सौ. का आली नाही ते पुढे सांगतो. तेथे सामान हलवणारी मंडळी पियानोही नेतात, पण जिवंत प्राणी नेत नाहीत. म्हणून जावई सामानाच्या ट्रकमागे गेले, आणि आम्ही तिघे लाडू व मनीसह मोटारीत. मागल्या बाजूस एका कडेला लाडू, मध्ये नात, आणि दुसऱ्या कडेला मी, मांडीवर मनीचा पिंजरा. वेस्टगेट पुलावर वाहने खोळंबली होती. लाडू खिडकीला नाक लावून सहलीला निघाल्यासारखा बसला होता. मनी टार्नीटपासून रोव्हिलपर्यंत एकाच सुरात रडली. ते रडणे भुकेचे नव्हते आणि दुखण्याचेही नव्हते. सासरी निघालेल्या मुलीचे म्हणावे, तर मनीची समजूत घालायला कोणी वडीलधारे नव्हते. मी जाळीतून बोट आत घातले. तिने ते ओरबाडले.

नव्या घरी कुत्र्याने जे केले ते मोतीने पालनपूरला केले होते तेच. सगळ्या खोल्या हुंगल्या, अंगणात तीन ठिकाणी आपली निशाणी ठेवली, भरपूर खाल्ले आणि रात्री मुलीच्या पायांशी झोपला. त्याचे घर त्याच्याबरोबर मोटारीतून आले होते. मनीला एका लहान खोलीत ठेवले. तेथील पशुवैद्य असेच सांगतात: प्रथम एकच खोली द्यावी, तिच्या अंगाखालची वस्त्रे धुऊ नयेत, ओळखीचा वास असू द्यावा, मग हळूहळू बाकीचे घर दाखवावे. सौ.नेही बडोद्याहून फोनवर हेच बजावले होते, वैद्याला न विचारता. मुलीच्या लग्नात तिने दिलेली, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मनीने केव्हाच बळकावली होती. 'ती गोधडी यंत्रात टाकू नका, आहे तशी घाला,' असा हुकूम आला. घातली. मनी तीन दिवस पलंगाखाली खोक्यांच्या मागे बसून राहिली. अन्न शिवली नाही. चौथ्या दिवशी रात्री कोणी नसताना थोडे खाल्ले. पाचव्या दिवशी नळदुरुस्तीचा माणूस आला, मागचे दार मिनिटभर उघडे राहिले, आणि मनी नाहीशी झाली.

येथे तेथील कायद्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. रोव्हिल ज्या पालिकेत येते त्या नॉक्स पालिकेने २०२२ पासून मांजरांवर चोवीस तासांची संचारबंदी घातली आहे. मांजर सदैव मालकाच्या आवारातच असले पाहिजे. संचारबंदी हा शब्द बडोद्याच्या जुन्या रहिवाशांना चांगलाच परिचित. आपण ती माणसांवर पाहिली, आणि तेव्हा रस्त्यावर हिंडायला मोकळी असत ती फक्त मांजरे आणि कुत्री. तेथे उलटे. कारणही क्षुल्लक नाही. त्या भूमीवर मांजर हे गोऱ्या वसाहतवाल्यांनी नेलेले जनावर, आणि तेथील लहान पक्ष्यांना व सस्तन प्राण्यांना अशा शिकाऱ्याची सवय नाही. मोकाट सापडलेले मांजर पालिकेच्या कोंडवाड्यात जाते. आठ दिवस मालकाची वाट पाहतात. त्यानंतर ते दुसऱ्या कोणाला देता येते, किंवा त्याहून वाईटही होऊ शकते. मनीच्या मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे. पुष्कळांचा समज असतो की त्या चिपमध्ये पत्ता असतो; वस्तुतः तीत केवळ पंधरा आकडी क्रमांक असतो. पत्ता नोंदवहीत असतो आणि घर बदलले की तो मालकाने बदलायचा असतो. मुलीने पहिल्याच रात्री, खोकी उघडण्यापूर्वी, तो बदलला होता. मला तिचा अभिमान वाटला. ज्याचे दप्तर चोख त्याला झोप लागते, हे आम्ही कार्यालयात नेहमी म्हणत असू. पण त्या आठवड्यात दप्तर चोख असूनही घरात कोणी झोपले नाही.

नातीने चित्र काढून पत्रके तयार केली. मुलगी रोज सकाळी कोंडवाड्यात फोन करी. मी दिवसातून चारदा आसपासच्या गल्ल्या हिंडत असे. अनोळखी देशात, अनोळखी रस्त्यावर, मराठीत 'मनी, मनी' अशा हाका मारीत फिरणारा म्हातारा पाहून तेथील लोकांना काय वाटले असेल कोण जाणे. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ पैसा होतो, हे मला दुसऱ्या दिवशी लक्षात आले. तरीही हाक बदलता येत नव्हती.

याच भटकंतीत मला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. कुंपणावर साळुंकी बसली होती. तेच पिवळे डोळे, तीच ऐट, तेच भांडखोर बोलणे. सयाजीबागेतल्या बाकावर बसलो आहे असा क्षणभर भास झाला. नातीला मोठ्या कौतुकाने दाखवली, तर ती म्हणाली, "आजोबा, ती वाईट असते. शाळेत सांगितलंय." खरेच, तेथे साळुंकी उपद्रवी पक्षी मानली जाते, झाडांच्या ढोल्या बळकावते, स्थानिक पक्ष्यांना हुसकते. ती तेथे आपणहून उडत गेली नाही. १८६० च्या दशकात पिकांवरील किडे खावेत म्हणून तिला मेलबर्नला नेऊन सोडले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की मेलबर्नच्या साळुंक्यांचे मूळ महाराष्ट्राकडील साळुंक्यांत आहे, आणि मेलबर्नहून पुढे त्या न्यूझीलंडला पोहोचल्या. मला हे वाचून जी आपुलकी वाटली तिला शास्त्रीय आधार काहीच नाही. कामासाठी बोलावून नेलेले, दीडशे वर्षांहून अधिक काळ तेथेच नांदलेले, आणि तरीही उपरे म्हणून मोजले जाणारे हे महाराष्ट्रीय कुटुंब! आपल्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको.

मनी सहाव्या दिवशी सापडली. तीन घरे सोडून राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या परसात जळाऊ लाकडांची रास होती, तिच्या मागे ती बसली होती. बाईंनी बशीत मासा ठेवून पाहिला, हाका मारून पाहिल्या, मनी हलेना. मी घरी जाऊन गोधडी आणली आणि लाकडांपुढे पसरली. पंधरावीस मिनिटे काही झाले नाही. मग ती आली, गोधडी पायांनी चेपली आणि वर बसली. कोणाकडे पाहिलेही नाही.

त्या बाईंनी चहा केला. नव्या घरी मांजराच्या पंजांना लोणी लावावे, ते चाटता चाटता घर ओळखीचे होते, असा त्यांच्या आजीचा उपाय त्यांनी सांगितला. त्यांचा जन्म इंग्लंडचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश कुटुंबांना ऑस्ट्रेलियात वसवण्यासाठी मोठ्या माणसाला केवळ दहा पौंडांत बोटीने नेण्याची योजना होती आणि मुलांना भाडेच नव्हते. आठ वर्षांच्या असताना, १९६१ मध्ये, त्या आईवडिलांबरोबर आल्या. त्यांचा कुत्रा शेजाऱ्यांकडे ठेवला होता. त्याला आणायचे तर खर्च आणि विलगीकरण, दोन्ही त्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. त्याचे नाव रस्टी. बासष्ट वर्षांनी ते नाव उच्चारताना त्यांना आठवावे लागले नाही. शेजाऱ्यांची पत्रे येत, त्यांत हवापाण्याचा मजकूर असे. "तो किती दिवस आमच्या दारात बसला हे मात्र कोणी कळवलं नाही," असे त्या म्हणाल्या आणि चहात साखर आणखी हवी का, असे त्यांनी मला विचारले.

सौ. मेलबर्नला आली नव्हती त्याचे कारण भुरी. २०१३ च्या पावसाळ्यात आमच्या दारात येऊन बसलेले एक गावठी पिल्लू, ते बसले ते बसलेच. मुलगी गेली कित्येक वर्षे सांगते आहे की आम्ही दोघांनी तिकडे कायमचे राहायला यावे. वृद्ध आईबापांसाठी तसा व्हिसा आहे. त्याला बराच पैसा लागतो आणि त्याहून बरीच वर्षे. परंतु मार्ग आहे. भुरीसाठी मार्ग नाही, असे म्हटले तरी चालेल. भारतातून कुत्रे थेट ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, कारण भारत त्यांच्या मान्य देशांच्या यादीत नाही. आधी सिंगापूरसारख्या एखाद्या मान्य देशात त्याने कित्येक महिने काढायचे, लस, रक्ततपासणी आणि परवाना हे सोपस्कार पुरे करायचे, मग मेलबर्नच्या उत्तरेस मिकलहॅम येथील विलगीकरण केंद्रात राहायचे, तेव्हा कोठे घरचे दार. या नियमाला पैसा आणि प्रसिद्धी यांचेही वावडे आहे. २०१५ मध्ये एका जगप्रसिद्ध हॉलिवूड नटाने आपली दोन इवलीशी कुत्री खासगी विमानातून गुपचूप नेली, तेव्हा तेथील कृषिमंत्र्यांनी ती मुकाट्याने परत न्या, नाहीतर ठार करू, असे जाहीरपणे बजावले. ती परत गेली.

मला हा नियम अन्यायाचा वाटत नाही, हे स्पष्ट लिहितो. ऑस्ट्रेलियात कुत्र्यांचा रेबीज नाही. आपल्याकडे या रोगाने दरवर्षी हजारो माणसे मरतात, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत नाहीसा करण्याची राष्ट्रीय योजना आपल्या सरकारने २०२१ मध्ये जाहीर केली. ज्याचे घर स्वच्छ आहे त्याने दारात पाय धुवायला सांगितले तर रागावायचे कारण नाही. पण नियम योग्य असला म्हणून आपल्या वाट्याचा पेच सुटत नाही.

उलट दिशेचा रस्ता तुलनेने सोपा आहे, ही यातली गंमत. केंद्र सरकारने २०१३ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, सलग दोन वर्षे परदेशी राहून कायमचे भारतात परतणाऱ्याला दोन पाळीव प्राणी बरोबर आणण्याची मुभा दिली गेली. तिकडचा आरोग्याचा दाखला आणि येथील विलगीकरण अधिकाऱ्याची तपासणी, एवढ्या अटींवर. म्हणजे लाडू आणि मनी बडोद्याला येऊ शकतात, भुरी तिकडे जाऊ शकत नाही. सरकारी नियमालाही कधी पाझर फुटतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले, आणि तेथे वैद्यकीचे शिक्षण घेणारी काही भारतीय मुले कुत्र्यामांजरांना सोडून विमानात बसायला तयार होईनात. तेव्हा केंद्राच्या पशुपालन खात्याने एका वेळेपुरती अटी शिथिल करून त्या प्राण्यांना मुलांबरोबर आणू दिले. आयुष्यभर मी परिपत्रके वाचली आणि काढलीही. डोळ्यांत पाणी आणणारे परिपत्रक तेवढे एकच पाहिले.

हा विषय निघाला की कोणीतरी युधिष्ठिराची गोष्ट सांगतोच. कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसणार नाही, असे तो म्हणाला आणि कुत्रा प्रत्यक्ष धर्म निघाला. गोष्ट थोर आहे, परंतु आमच्या कामाची नाही. इंद्राला रेबीजची चिंता नव्हती. शिवाय तेथे परीक्षा संपताच तिढा सुटला. भुरी कुत्रीच आहे आणि कुत्रीच राहणार.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला जो पूर आला तो वाचकांना सांगायला नको. २५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी ३५ फुटांपर्यंत चढले. आमच्या अकोट्याच्या घरात तळमजल्यावर कमरेएवढे पाणी, वीज नाही, आणि वस्तीत मगरी आल्याच्या बातम्या. त्या नुसत्या वावड्या नव्हत्या. वन खात्याला व प्राणिमित्रांना त्या दिवसांत कितीतरी मगरी रस्त्यांतून आणि अंगणांतून पकडाव्या लागल्या. आम्ही दोघे आणि भुरी वरच्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सोसायटीत नाव आली. नावेतली मुले भली होती. पण भुरीला पाहून एकजण म्हणाला, "काका, पहेलां माणसो." त्याचे म्हणणे चूक नव्हते, पुढल्या घरी तान्हे मूल होते. सौ. म्हणाली, "मग आधी त्यांना घेऊन या. आम्ही थांबतो." मी काही बोललो नाही. पाणी वाढत होते आणि माझ्या मनात काय चालले होते ते येथे लिहिण्यासारखे नाही. नाव गेली. दीड तासाने परत आली, तेव्हा तोच मुलगा पाण्यात उतरला, भुरीला खांद्यावर कोकरासारखी घेतली आणि नावेत ठेवली. भुरीने एरवी त्याला चावा घेतला असता. त्या दिवशी तिने त्याच्या मानेत तोंड खुपसले.

पूर ओसरल्यावर मुलीचा फोन आला. ती आठवडाभर झोपली नव्हती. "बाबा, आता पुरे झालं. घर विका आणि इकडे या. मी कागद सुरू करते." तिचे म्हणणेही चूक नव्हते. भिंतींना ओल आली होती, माझ्या गुडघ्यांना जिना सोसत नाही, आणि आमच्या जुन्या ओळखीच्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांना आता कुलूप तरी आहे किंवा त्यांच्या जागी इमारत तरी. सौ.ने फोन घेतला आणि एवढेच विचारले, "भुरीचं काय?" पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही. गार्डाच्या डब्यापर्यंत धावत जाणाऱ्या मुलीला हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नव्हती. मग ती म्हणाली, "बरं. तिच्यानंतर बघू." हे 'नंतर' म्हणजे काय ते तिघांनाही कळले, आणि कोणी ते पुन्हा उच्चारले नाही. एका जनावराच्या मरणावर आपले बेत टांगून ठेवणे मला बरे वाटत नाही. तिला वाऱ्यावर टाकून जाणेही शक्य नाही. ओळखीच्या कोणाकडे ठेवावी, असे काही हितचिंतक सुचवतात. त्यांना मी रस्टीची हकीकत सांगतो.

आजीच्या हिशेबाने आपण बडोद्याचे मराठी लोक माणसाला धरून राहणारे की घराला, हा प्रश्न मी मग पुष्कळ दिवस मनात घोळवला. पूर्वज धन्याच्या मागे आले, म्हणजे ते मोतीच्या जातीचे. त्यानंतरच्या पिढ्या संस्थान गेले, राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी त्याच आळ्यांत राहिल्या, त्या काकूंच्या मांजरीच्या जातीच्या. आमच्या पिढीला दोन्ही ओढी आहेत आणि त्या एकाच वेळी आहेत. भुरीचे निमित्त नसते तर आम्ही गेलो असतो काय, असे सौ.ला मी एकदा विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "निमित्त कशाला म्हणता? ती आहे ना."

तूर्त ठरले आहे ते असे. एका वेळी एकानेच जायचे, तीन महिन्यांसाठी, आणि दुसऱ्याने येथे थांबायचे. या खेपेस पाळी सौ.ची. तिने जाताना नवी गोधडी शिवून नेली, कारण मनीने जुनीच्या चिंध्या केल्या आहेत. मनी नवीला अजून शिवलेली नाही असे कळते. मी भात, वरण आणि अंडे एवढा स्वयंपाक शिकलो असून त्यातला मोठा वाटा भुरीचा असतो. ती आता बारा वर्षांची आहे, मागल्या पायांनी थोडी लंगडते. तिच्या रेबीजच्या लशीची तारीख गेल्या आठवड्यात होती. पशुवैद्य घरी येऊन टोचून गेले आणि दाखला मी फाइलला लावला. संध्याकाळी मेलबर्नहून फोन येतो तेव्हा मी तो भुरीच्या कानाशी धरतो. ती आवाज ओळखते, शेपटी हलवते, मग फोनची मागची बाजू हुंगून पाहते आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन दाराकडे तोंड करून बसते.